तिघांच्याही अंगावर सूज, तिघांनाही लॅसिक्स; मग बाकीची औषधं वेगळी का?

सांगलीत जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. मेडिसिन वॉर्डात तिच्या वाट्याला तीन पेशंट आले. तिघांच्याही पायावर सूज आणि तिघांनाही लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारं औषध, चालू. पण पहिल्याला त्याच्यासोबत रॅमिप्रिल आणि डिगॉक्सिन, दुसऱ्याला अल्डॅक्टोन आणि लॅक्टुलोज, तिसरीला प्रेडनिसोलोन. इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं, "का गं, सूज एकच ना? मग असं का?" आणि हिला काही सांगता येईना. फार्माकॉलॉजीच्या वहीत साइड इफेक्टसकट सगळं पाठ आहे, तरी औषधांच्या ट्रॉलीसमोर उभं राहिलं की काही आठवत नाही, असं ती म्हणते. जाता जाता तिने हेही विचारलंय की नाडी कमी लागली म्हणून नर्सने डोस थांबवला तर चालतो का.

तुझं पाठांतर कमी पडत नाहीये. आपल्याकडे शरीररचना पहिल्या वर्षी होते, आजार एका तासाला शिकवतात, औषधं दुसऱ्याच तासाला. वॉर्डात मात्र हे सगळं एकाच खाटेवर येऊन पडलेलं असतं. त्यात तू सूज हाच आजार धरून चालली आहेस. सूज म्हणजे नुसती तक्रार. ती कुठल्या बिघाडातून आली हे कळल्याशिवाय ड्रग चार्ट म्हणजे नावांची यादीच राहणार.

मी मिरजेत मेडिसिन वॉर्डात आणि आयसीयूत बरीच वर्षं काढली आहेत, हल्ली मुलींना वॉर्डातच शिकवते. खाली जे आकडे देते आहे ते समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष डोस पेशंटचं वय, वजन, किडनीचे रिपोर्ट, बीपी आणि डॉक्टरांची ऑर्डर यांवर ठरतो, आणि प्रत्येक हॉस्पिटलची रीतही थोडी वेगळी असते. कुणाच्या घरी असा पेशंट असेल तर हे वाचून गोळ्या कमीजास्त करू नका.

आधी सूज का येते ते बघू. रक्तवाहिनीतलं पाणी दोन गोष्टींच्या ओढाताणीत असतं. आतला दाब त्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन त्याला आत धरून ठेवतं. दाब वाढला किंवा अल्ब्युमिन कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं. तुझ्या तीन पेशंटांत हेच तीन वेगळ्या वाटांनी झालंय.

पहिली खाट, हार्ट फेल्युअर. जत-कवठेमहांकाळकडच्या माणसाला हे पटकन कळतं, कारण त्याने नदीचं पाणी पंपाने उचलून शेतीला देणारी म्हैसाळ योजना बघितलेली असते. नदीत पाणी आहे, पण पंप दमला तर टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत ते पोचत नाही. तो बोंब मारतो, "पाणी सोडा!" वरून आणखी पाणी सुटतं, पंप मात्र तोच दमलेला, मग पंपाच्या अलीकडे पाणी तुंबतं. किडनी म्हणजे हा टेलचा शेतकरी. हृदय जोर लावत नाही म्हणून किडनीला रक्त कमी पोचतं. शरीरात पाणी कमी पडलंय असं समजून ती रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन हे हार्मोन वाढवतं. अल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी धरून ठेवतं. म्हणजे ज्याला पाणी झेपत नाही त्याच्याच अंगात आणखी पाणी साठतं. फुप्फुसात तुंबलं की आडवं झाल्यावर दम लागतो, खाली उतरलं की घोट्यावर सूज.

आता चार्ट पुन्हा वाच. लॅसिक्स तुंबलेलं पाणी बाहेर काढतं. रॅमिप्रिल अँजिओटेन्सिन तयारच होऊ देत नाही, म्हणजे किडनीची बोंब शांत करतं. डिगॉक्सिन पंपाला थोडा जोर देतं आणि धावणारी नाडी आवरतं. मेटोप्रोलॉल किंवा कार्वेडिलॉल चार्टवर का नाही असं कुणी विचारलं तर सांग की ही दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचा वेग आणि जोर कमी करणारी औषधं, आणि पेशंट पाण्याने भरलेला असताना ती नव्याने सुरू करत नाहीत. सूज उतरून तो स्थिर झाला की लहान डोसने सुरुवात होते. डिस्चार्जच्या कागदावर बहुधा दिसेल. हल्ली डापाग्लिफ्लोझिनही दिसेल. शुगर नसलेल्या पेशंटला ही 'शुगरची गोळी' का, म्हणून नातेवाईक भांडायला येतात. हार्ट फेल्युअरमध्ये तिचा वेगळा उपयोग होतो, हे त्यांना आपणच सांगायचं.

लॅसिक्स इंजेक्शनचा परिणाम साधारण पाच मिनिटांत सुरू होतो, अर्ध्या तासात जोर धरतो आणि दोनेक तासांत ओसरतो. गोळीचा परिणाम अर्ध्या ते एक तासात सुरू होऊन सहा-आठ तास टिकतो. वॉर्डात याचे बरेच अर्थ निघतात. इंजेक्शन देण्याआधी युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करून वेळ लिहून ठेवली नसेल तर औषध लागू पडलं की नाही हे तुला कधीच सांगता येणार नाही. दम लागलेल्या पेशंटला शिरेतून लॅसिक्स दिल्यावर पहिल्या सहा तासांत लघवी ताशी १०० ते १५० मि.ली.पेक्षा कमी पडत असेल तर डोस पुरत नाहीये. हे डॉक्टरांना सकाळच्या राउंडला सांगून काय उपयोग? तेव्हाच सांगायचं. मोठा डोस असेल तर मिनिटाला ४ मि.ग्रॅ.पेक्षा जास्त वेगाने सोडायचा नाही. भसकन सोडलं तर कानात आवाज येतो, ऐकूही कमी येऊ शकतं. दुसरी गोळी दुपारी दोन-चारच्या सुमाराला देतात, रात्री नऊला नाही. रात्री चार वेळा उठणारा सत्तरीचा माणूस अंधारात संडासच्या उंबऱ्याला अडखळतो, आणि मग हृदयाचा पेशंट हाडांच्या वॉर्डात जातो.

सूज उतरते की नाही हे अंगठ्याने दाबून बघशीलच, पण माझा जास्त विश्वास वजनकाट्यावर आहे. सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत. एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पायावर दिसायच्या आधी पाणी आत जमलेलं असतं. आय-ओ चार्टवर, म्हणजे पोटात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याच्या नोंदीत, नातेवाईकांनी पाजलेला चहा आणि ताक येत नाही, काट्यावर येतं.

आणि भडंग. सांगलीत राहून हे लिहिलं नाही तर उत्तर अपुरं राहील. जेवण अळणी आलं म्हणून उशाखाली भडंगाची पुडी असते, डब्यात खारातली मिरची असते. "आवं सिस्टर, मूठभरच खाल्लंय की!" मूठभर खाऱ्या भडंगाने लॅसिक्सच्या एका डोसाची मेहनत पाण्यात जाऊ शकते. ओरडून उपयोग होत नाही. मीठ पाणी कसं धरून ठेवतं ते काट्यावरचा कालचा आणि आजचा आकडा दाखवून सांगितलं की बहुतेकांना पटतं.

या खाटेवर सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे डिगॉक्सिन आणि पोटॅशियम यांचं नातं. डिगॉक्सिन पेशीवरच्या सोडियम-पोटॅशियम पंपावर जाऊन बसतं. पोटॅशियमही तिथेच बसायला बघतं. लॅसिक्सने लघवीवाटे पोटॅशियम निघून गेलं की जागा मोकळी होते आणि डिगॉक्सिन जास्त चिकटतं. डोस तोच, पण विषबाधा होते. म्हणून डिगॉक्सिन देण्याआधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण या पेशंटांचे ठोके बऱ्याचदा अनियमित असतात. मोठ्या माणसाचे ६० च्या खाली असतील तर डोस हातात धरून थांबायचं आणि कळवायचं. शिवाय पेशंट "जेवण नको वाटतंय, मळमळतंय" म्हणाला, किंवा दिव्याभोवती पिवळसर-हिरवट दिसतंय म्हणाला, तर ॲसिडिटीची गोळी देऊन मोकळं व्हायचं नाही. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने डिजिटॅलिसच्या, म्हणजे डिगॉक्सिन ज्या कुळातल्या झाडापासून मिळतं त्याच्या पानांबद्दल लिहिलं तेव्हा अशाच अंगभर सुजलेल्या पेशंटांवरचा अनुभव मांडला होता, आणि मळमळ, हिरवं-पिवळं दिसणं, मंद नाडी हे सगळं त्यातही आहे.

दुसरी खाट, लिव्हर सिऱ्हॉसिस. पोट टम्म आणि हातपाय काडीसारखे. लिव्हर म्हटलं की दारू, असं मनात धरून पेशंटशी बोलू नकोस. हिपॅटायटिस बी, सी आणि फॅटी लिव्हरमधूनही माणूस इथवर पोचतो. इथे बिघाड दोन्हीकडून आहे. लिव्हर कडक झाल्याने आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेत दाब वाढतो, आणि अल्ब्युमिन बनवणारा अवयवच आजारी असल्याने ते कमी पडतं. वर पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडून रक्त तिथेच रेंगाळतं, किडनीला कमी पडतं, आणि अल्डोस्टेरॉन भरमसाट वाढतं. म्हणून इथे मुख्य औषध अल्डॅक्टोन, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन, कारण ते थेट अल्डोस्टेरॉनला अडवतं. लॅसिक्स इथे जोडीला. १०० मि.ग्रॅ. स्पायरोनोलॅक्टोनला ४० मि.ग्रॅ. लॅसिक्स हे प्रमाण तुला बऱ्याच चार्टवर दिसेल. एक पोटॅशियम राखतं, दुसरं घालवतं, म्हणून जोडी जमते. पुरुष पेशंट लाजत लाजत छाती दुखते, वाढल्यासारखी वाटते म्हणेल. तो स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम असू शकतो. लिहून ठेव आणि सांग.

पाणी उतरवायची घाई या खाटेवर महागात पडते. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो, सूज असेल तर एक किलोपर्यंत वजन उतरणं पुरे. त्याहून वेगाने उतरलं की किडनी बसते, सोडियम-पोटॅशियम बिघडतं आणि पेशंट गुंगीत जातो. पोटॅशियम कमी झालं की किडनी जास्त अमोनिया तयार करते, आणि आजारी लिव्हरला अमोनिया निस्तरता येत नाही. तो मेंदूवर जातो. आता लॅक्टुलोज का, ते कळेल. बद्धकोष्ठासाठी देतात हे वहीत लिहिलेलं अर्धंच खरं आहे. आतड्यात ते आम्लता वाढवून अमोनियाला तिथेच अडकवतं आणि संडासवाटे बाहेर काढतं. दिवसाला दोन-तीन मऊ संडास हा हिशेब. नातेवाईक म्हणतात, "जुलाब लागलेत, ते औषध बंद करा." बंद करायचं नाही, मोजायचं. एकही झाली नाही तरी कळवायचं, आणि सहा-सात पाण्यासारख्या झाल्या तरीही, कारण त्यात पुन्हा पाणी आणि पोटॅशियम जातं.

या पेशंटला रोज दोन्ही हात समोर धरून पंजे वर उचलायला सांग. पंजे फडफडायला लागले, रात्रभर जागा आणि दिवसा झोपेत असेल, बायकोचं नाव विचारल्यावर घोटाळला, तर गुंगी येऊ घातली आहे. रात्री तो बडबडतो म्हणून शेजारचे "झोपेचं इंजेक्शन द्या" म्हणतील. झोपेच्या औषधाने तो आणखी खोल जातो. नुसत्या बडबडीवर परस्पर काही द्यायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. पोटातून पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढलं तर काढलेल्या दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. बाटली महाग असते, म्हणून "हे लागतंच का?" हा प्रश्न हमखास येतो. लागतं. नाहीतर काढलेल्या पाण्याच्या जागी रक्तातलं पाणी धावतं, बीपी पडतं आणि किडनी बसते.

याच पेशंटला प्रोप्रॅनोलॉल दिसलं तर ते हृदयासाठी नाही, पोर्टल शिरेतला दाब उतरवून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून आहे. गोळीच्या नावावरून आजार ओळखायला जाशील तर इथे फसशील.

तिसरी खाट, तरुण मुलगी, नेफ्रॉटिक सिंड्रोम. हिची सूज सकाळी डोळ्यांभोवती जास्त असते आणि लघवीला फेस येतो. किडनीची चाळणी फाटल्याने दिवसाला साडेतीन ग्रॅमहून जास्त प्रोटीन लघवीत वाहून जातं आणि अल्ब्युमिन घसरतं. म्हणजे पंप धड, लिव्हर धड, गळती किडनीत. प्रेडनिसोलोन ती गळती थांबवायला आहे, सूज उतरवायला नाही, लॅसिक्स तेवढ्यापुरतं. हिचा लॅसिक्सचा डोस पहिल्या खाटेपेक्षा मोठा दिसला तर दचकू नकोस. लॅसिक्स अल्ब्युमिनला चिकटून किडनीपर्यंत जातं, आणि इथे अल्ब्युमिनचीच वानवा. आतडंही सुजलेलं असतं, गोळी नीट शोषली जात नाही. उद्या हिलाही रॅमिप्रिल लिहिलं तर तिथे ते किडनीच्या गाळणीतला दाब कमी करून गळती आटोक्यात ठेवायला असेल.

प्रेडनिसोलोन सकाळी, काहीतरी खाल्ल्यावर. शुगर सकाळी उपाशीपोटी छान येते आणि दुपारी-संध्याकाळी चढते, म्हणून नुसती सकाळची तपासून समाधान मानायचं नाही. संसर्ग झाला तरी ताप फारसा येत नाही. डिस्चार्जच्या वेळी एक वाक्य दोनदा सांगायचं: बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. आणि या मुलीचा एकच पाय जास्त सुजला, पोटरी दुखायला लागली, तर ती सूज वेगळी. लघवीत रक्त पातळ ठेवणारी प्रोटीनंही जातात, त्यामुळे शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. तिथे मालिश करू द्यायचं नाही आणि लगेच कळवायचं.

चौथी खाट तुझ्या प्रश्नात नाही, पण ओपीडीत रोज भेटते. बीपीसाठी अम्लोडिपिन चालू, दोन्ही घोटे सुजलेले, बाकी सगळे रिपोर्ट ठीक. ही सूज गोळीचीच असते. बारीक धमन्या सैल होतात आणि केशवाहिन्यांत दाब वाढतो. लॅसिक्सने फारसा फरक पडत नाही, डॉक्टर गोळी किंवा डोस बदलतात. तसंच गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकचं. ऊसतोडीला जाणारी बाई ती महिनोन्महिने खाते आणि विचारल्याशिवाय सांगत नाही, कारण तिच्या मते ते औषध नाही, 'दुखायची गोळी' आहे. ती गोळी मीठ धरून ठेवते, किडनीचा रक्तपुरवठा घटवते, लॅसिक्सचा जोर कमी करते. पहिल्या तिन्ही खाटांवर ती घातक आहे. हिस्टरी घेताना "अजून कुठलं औषध?" असं न विचारता "अंग दुखल्यावर काय घेता?" असं विचार.

तिन्ही खाटांवर एकच रिपोर्ट मी सगळ्यात आधी बघते, तो पोटॅशियमचा. लिटरला ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास असावं. लॅसिक्स आणि जुलाब ते खाली नेतात. रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन आणि बसलेली किडनी वर नेतात. कमी झालं की गळाठा, पायात गोळे, पोट फुगणं. जास्त झालं की पेशंटला काही कळायच्या आत ईसीजीवर टोकदार टी वेव्ह दिसतात. आता भेटायला आलेल्या पाहुण्यांचे हात बघ: एकात नारळपाणी, दुसऱ्यात तासगावचे बेदाणे, "रात्री भिजवून सकाळी द्या, ताकद येते." दोन्हींत पोटॅशियम भरपूर. लॅसिक्सने पोटॅशियम उतरलेल्या पेशंटला डॉक्टर कधी कधी मुद्दाम नारळपाणी सांगतात, आणि क्रिएटिनिन वाढलेल्या (म्हणजे किडनी कमी चालणाऱ्या), स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या पेशंटला तेच नारळपाणी आयसीयूत पोचवू शकतं. कुणाला चालेल हे रिपोर्ट बघून ठरतं, पाहुण्यांच्या मायेवर नाही.

पोटॅशियम चढलं की कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिनसोबत डेक्स्ट्रोज, सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन अशी धावपळ होते. त्यात कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही, ते फक्त हृदयाला तेवढ्यापुरतं सांभाळतं; इन्सुलिन आणि सालब्युटामॉल पोटॅशियमला पेशीत ढकलतात. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो. उलट पोटॅशियम कमी असेल तर केसीएलचा, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचा, १० मि.ली.चा अँप्यूल येतो, १५ टक्क्यांचा असेल तर त्यात २० मिलीइक्विव्हॅलंट. तो कधीही सरळ शिरेत द्यायचा नाही. सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट हलवून, साध्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या आसपास. थेट दिला तर हृदय थांबतं. म्हणून तो साध्या अँप्यूलच्या ट्रेमध्ये ठेवायचा नाही, वेगळा ठेवायचा, आणि भरताना दुसऱ्या सिस्टरला दाखवायचा.

अभ्यासाचं विचारशील तर औषधांची वही बाजूला ठेव आणि पेशंटची वही कर. एका पानावर एक पेशंट. वर दोन ओळींत बिघाड कुठे झाला ते. खाली प्रत्येक औषधासमोर ते त्या बिघाडात कुठे हात घालतं, देण्याआधी मी काय बघेन, दिल्यानंतर किती वेळाने काय बघेन. लॅसिक्सचं पान तिन्ही पेशंटांचं वेगळं होईल. साइड इफेक्टही मग सुटे राहत नाहीत, कारण बरेचसे मुख्य कामातूनच निघतात. काही निघत नाहीत, जसा रॅमिप्रिलचा कोरडा खोकला. तेवढे पाठ कर.

राहिला डोस थांबवण्याचा प्रश्न. ऑर्डर रद्द करणं किंवा बदलणं आपल्या हातात नाही. पण धोक्याची खूण दिसत असताना डोस रोखून विचारणं हे आपलंच काम. त्यात तारतम्य मात्र लागतं. डिगॉक्सिन आणि नाडी ५२, थांब आणि फोन कर. रॅमिप्रिल आणि वरचं बीपी ९६, पण चक्कर नाही, हातपाय गरम, लघवी चांगली, तर परस्पर थांबवू नकोस. हार्ट फेल्युअरचे कित्येक पेशंट याच बीपीवर बरे असतात आणि त्यांना ती गोळी हवीच असते. विचार. विद्यार्थिनी असताना तर आधी स्टाफ सिस्टरांना सांग. फोन करण्यापूर्वी केसपेपर हातात असू दे: आजची नाडी, बीपी, कालचं आणि आजचं वजन, लघवी किती, शेवटचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन, मागचा डोस किती वाजता. आणि डोस दिला नाही तर चार्टवरची ती चौकट कोरी सोडायची नाही. किती वाजता रोखला, का रोखला, कोणाला कळवलं आणि त्यांनी काय सांगितलं, हे तिथल्या तिथे लिहून सही करायची.